पित्त, जंतू आणि खडा



मी डॉक्टर नव्हे आणि पदवीधरही नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच आटोपले. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर आणि लोकलच्या डब्यात. आयुष्यातली तीसएक वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. तेव्हा पोटाच्या रोगांच्या इतिहासावर बोलण्याचा अधिकार या गृहस्थाला कोणी दिला, असा प्रश्न तुमच्या मनात येणे रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की, कामगाराचे पोट हाच आमचा विषय. पगारवाढीच्या वाटाघाटी करता करता त्या पोटात काय चालते हेही मला पाहावे लागले, आणि एकदा त्याबाबत माझ्याच हातून मोठी चूक झाली. त्या चुकीची हकीगत पुढे येईलच. आज बोलावयाचे आहे ते तिच्यामुळेच.

एक शब्द, दोन रोग

प्रथम एका शब्दाचा हिशेब करू. तो शब्द म्हणजे पित्त. सकाळी घशाशी आंबट आले की आपण म्हणतो, पित्त झाले. कपाळ ठणकले तरी पित्त, अंगावर गांध्या उठल्या तरी पित्त; आणि साहेब भडकला तर त्याचे पित्त खवळले. या साऱ्यांत शरीरातला खरा पित्तरस बिचारा बाजूलाच राहतो. घशाशी येते ते जठरातले आम्ल. पित्तरस हा यकृतात तयार होतो, यकृताखालच्या लहानशा पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठतो, आणि आपण तेलकट-तुपकट जेवलो की ती पिशवी आकसून तो आतड्यात सोडते. जठराला जखम झाली तर तो व्रण, ज्याला आपण अल्सर म्हणतो. पित्ताशयात रस थिजून गोळे झाले तर ते पित्तखडे. जागा निराळ्या, रोग निराळे. पण दोन्ही दुखणी पोटाच्या वरच्या भागात, आणि दोघांनाही आपण नाव देतो ते एकच. दवाखान्यात कामगार सांगतो, ‘पित्ताचा त्रास आहे,’ आणि समोरून पांढऱ्या गोळ्यांची पुडी मिळते. दोन रोग एका शब्दाच्या पोटात लपले की त्यांतला एक बिनबोभाट वाढत राहतो.

दोष कोणाचा?

आता व्रणाचा इतिहास पाहा. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ वैद्यक असे सांगत आले की, जठराचा व्रण हा आम्लाचा रोग, आणि आम्ल वाढते ते काळजीने, चिडखोर स्वभावाने, जागरणाने व तिखटाने. शिकागोचे डॉक्टर सिप्पी यांनी १९१५ साली दूध व साय दर तासाला देण्याचा उपचार सांगितला आणि तो पुढे कित्येक वर्षे चालला. दुधाने भागले नाही तर जठराचा तुकडा कापीत, किंवा जठराला जाणारी मज्जा तोडीत. १९७६ साली सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारे औषध इंग्लंडच्या बाजारात आले आणि रोग्यांना फार मोठा आराम पडला. पण गोळी बंद केली की व्रण बहुधा पुन्हा उलटे.

या विचाराचा एक परिणाम वैद्यकाच्या पुस्तकांत सापडणार नाही. तो कारखान्यांच्या कागदपत्रांत सापडतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला; त्यामागून डोंबिवलीची वसाहत उठली; अंबरनाथ आणि मोहने येथे तर गिरण्या-कारखाने आधीपासून होतेच. या साऱ्या पट्ट्यात तीन पाळ्यांची यंत्रे फिरू लागली. रात्रपाळीचा माणूस पोट धरून बसला की त्याच्या कागदावर शेरा पडे: अवेळी खातो, चहा फार पितो, तिखट खातो. म्हणजे रोग त्याचा आणि गुन्हाही त्याचाच! पाळ्या कोणी लावल्या, जेवणाची सुटी किती मिनिटांची, पिण्याचे पाणी कोठून येते, हे त्या शेऱ्यात कधी येत नसे. मी संघटनेत आलो तेव्हाही असले शेरे मी स्वतः वाचले आहेत.

पर्थची सुटी

१९७९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन नावाच्या विकृतितज्ज्ञाला रोग्यांच्या जठराच्या अस्तरात वाकड्या आकाराचे जंतू दिसले. आम्लाच्या त्या भट्टीत जंतू टिकणे शक्यच नाही अशी सर्वांची खात्री असल्याने त्यांचे कोणी मनावर घेईना. १९८१ साली बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. हे जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवावयाचे होते, पण तबकड्यांत काही उगवेना. दोन दिवस वाट पाहून त्या टाकून देण्याचा रिवाज होता. १९८२ च्या ईस्टरची लांब सुटी लागली, तबकड्या तशाच राहिल्या, आणि माणसे कामावर परतली तेव्हा जंतू उगवलेले होते. आमच्या कामगारांना ही गोष्ट सांगितली म्हणजे ते फार खूष होतात. भरपगारी सुटीचा याहून चांगला पुरावा कोणता!

तरीही वैद्यकाचा विश्वास बसेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंचा द्रव स्वतःच पिऊन टाकला. आठवड्याच्या आत मळमळ आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी दुर्बिणीने काढलेल्या तुकड्यात जंतूही सापडले आणि जठराचा दाहही. या जंतूला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जठराच्या कर्करोगाचे एक कारण म्हणून त्याची नोंद केली, आणि २००५ साली वॉरन व मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू बहुधा लहानपणीच अंगात शिरतो: दाटीच्या घरात, तोंडातोंडी आणि अशुद्ध पाण्यातून. आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढ माणसे त्याला पोटात बाळगून आहेत. त्यांतल्या थोड्यांनाच व्रण होतो, हे विसरून चालणार नाही. शिवाय सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही व्रण होतो, आणि ओझी उचलणाऱ्या आमच्या माणसांत त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात.

माझी चूक

नोबेलची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, कात्रण कापून ठेवले आणि फार हुरळून गेलो. इतकी वर्षे कामगाराच्या माथी मारलेला दोष एका जंतूच्या माथी गेला होता! त्यानंतर वर्षभरात एका कारखान्यातील टर्नरवर सततच्या गैरहजेरीचे आरोपपत्र आले. त्याची तक्रार जुनीच: पित्त. खाडे वाढत चालले होते. चौकशीच्या वेळी मी कात्रण टेबलावर ठेवून तावातावाने बोललो. वकिलालाही लाजवील असे बोललो म्हणा ना. त्याला तपासणी करावयास लावली. जंतू सापडला. चौदा दिवसांची औषधे झाली, आठ-दहा दिवस बरे वाटले, आरोपपत्र मागे घेतले गेले, आणि मी मिशीला पीळ दिला.

महिन्या-दीड महिन्याने तो एका हळदीच्या समारंभाला जेवून आला. मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली, ती पाठीकडे गेली, ओकाऱ्या थांबेनात, आणि सकाळी डोळे पिवळे दिसू लागले. सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशय खड्यांनी भरलेले निघाले. एक खडा नळीत अडकला होता आणि स्वादुपिंडाला सूज आली होती. माणूस वाचला, शस्त्रक्रिया झाली, पण दोन महिन्यांचा पगार आणि बायकोचे दागिने गेले. मी इस्पितळात भेटावयास गेलो तेव्हा तो हसून म्हणाला, ‘भाऊ, तुमचा जंतू मेला, पण माझा खडा जागच्या जागीच राहिला की!’

ते हसणे मला फार लागले. जेवणानंतर उजव्या बाजूला दुखते, हे तो वर्षभर सांगत होता. मी ऐकले नव्हते, कारण मला माझे उत्तर सापडलेले होते. त्या दिवसापासून मी शोध घेऊ लागलो की, या दोन दुखण्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय? जठरातला जंतू पित्ताशयात खडे करतो काय?

रेल्वेच्या डॉक्टरांचे दोन नकाशे

शोध घेता घेता एक गोष्ट अगदी घराजवळच सापडली. आपले ठाणे आणि कल्याण ही दोन्ही गावे आगगाडीने घडवलेली. १८५३ साली बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षी रूळ कल्याणास पोचले. कल्याणच्या यार्डात आणि लोको शेडात कोकणी, घाटी, उत्तरेकडचा, आंध्रकडचा, पंजाबी असे सर्व मुलखांतले लोक एकाच मालकाकडे, जवळजवळ एकाच वेतनश्रेणीत काम करीत आले. सबंध देशाच्या रेल्वेत हेच चित्र. रोगाचा अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीचा समाज मिळावयाचा नाही: नोकरी तीच, इस्पितळांची नोंद तीच, फरक फक्त मुलखाचा आणि ताटाचा.

हे ओळखले रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातील डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी. पुढे ते मुंबईस पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. १९६४ साली त्यांनी रेल्वे कामगारांतील व्रणांवर आणि १९६८ साली रेल्वे कामगारांतील पित्तखड्यांवर असे दोन निबंध लंडनहून निघणाऱ्या पोटाच्या विकारांवरील नियतकालिकात प्रसिद्ध केले. पहिल्या निबंधाचा निष्कर्ष असा की, भात खाणाऱ्या दक्षिणेकडील व पूर्वेकडील कामगारांत व्रण अधिक, गहू खाणाऱ्या पंजाबात कमी. दुसऱ्याचा निष्कर्ष बरोबर उलटा: पित्तखडे उत्तरेकडील कामगारांत दक्षिणेकडील कामगारांच्या सातपट! दोन्ही वेळा मल्होत्रांनी कारण शोधले ते ताटात. पोळी चावून खावी लागते, तिच्याबरोबर लाळ पोटात जाते, मऊ भाताबरोबर ती तितकी जात नाही, असे त्यांनी व्रणाबद्दल म्हटले. खड्यांबद्दल त्यांनी तूप-दुधातील आणि बियांच्या तेलातील स्निग्धांशांच्या फरकाकडे बोट दाखवले. जंतूचा तेव्हा कोणालाच पत्ता नव्हता, म्हणून तो त्यांच्या हिशेबात नाही.

आज हे दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. हेलिकोबॅक्टर उत्तरेतही आहे आणि दक्षिणेतही आहे, भरपूर आहे. तोच एकटा दोन्ही रोगांचे मूळ असता तर दोन्ही नकाशे एकमेकांसारखे दिसावयास हवे होते. ते तर पाठीला पाठ लावून बसले आहेत! तेव्हा निदान खड्यांच्या बाबतीत जंतूखेरीज आणखी काही तरी, बहुधा बरेच काही, असले पाहिजे.

जंतू आणि खडा: जुने भांडण

जंतूवरचा हा संशय नवा मात्र नाही. १८८२ साली बर्लिनमध्ये लांगेनबुख या शल्यविशारदाने पित्ताशय प्रथमच काढून टाकले. खडे होणारी पिशवीच काढली तर खडे होणार नाहीत, असा त्यांचा साधा हिशेब होता, आणि तो खरा ठरला. दहा वर्षांनी, १८९२ साली, नाउनिन या जर्मन वैद्याने मांडले की, पित्ताशयाच्या अस्तराला जंतूंनी दाह होतो आणि त्यातून खडे बनतात. पुढे इंग्लंडच्या मॉयनिहन यांनी तर खड्याला जंतूचे थडगे म्हटले. नंतर कोलेस्टेरॉलचे रसायन कळू लागले आणि ही कल्पना मागे पडली.

तथापि खड्यांच्या एका जातीपुरती ती पुन्हा उभी राहिली. जपानमध्ये पित्तनळीत होणारे मऊ, तपकिरी खडे पूर्वी फार असत. माकी या जपानी शल्यविशारदाने १९६६ साली दाखवले की, आतड्यातले जंतू वर नळीत शिरले म्हणजे त्यांच्या एका पाचक द्रव्याने पित्तातला रंगद्रव फुटतो आणि चुन्याशी मिळून त्याचा खडा बनतो. महायुद्धानंतर जपानचे राहणीमान आणि आहार बदलला, तेव्हा हे तपकिरी खडे कमी झाले व कोलेस्टेरॉलचे वाढले. म्हणजे सुबत्ता आल्याने खडे गेले नाहीत. त्यांची जात बदलली.

उलट दिशेनेही पाहावे लागते. खडा जंतूला घर देतो. न्यूयॉर्कची मेरी मॅलन ही आयर्लंडहून आलेली स्वयंपाकीण. विषमज्वराचे जंतू तिच्या शरीरात, बहुधा पित्ताशयात, मुक्कामास होते. ती स्वतः ठणठणीत. तिच्या हातच्या अन्नाने घरोघर लोक आजारी पडले. १९०७ साली तिला पकडून बेटावर ठेवले. पित्ताशय काढू म्हणाले, तिने नकार दिला. स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० साली सोडले. दुसऱ्या कामात पोट भरेना, तेव्हा नाव बदलून ती पुन्हा चुलीपाशी गेली, आणि १९१५ पासून १९३८ साली मरेपर्यंत त्या बेटावरच राहिली. तिच्यामुळे माणसे मेली हे खरे. पण तिच्या हातचे काम काढून घेताना पुरेल असे दुसरे काम तिला कोणी दिले नाही, हेही खरे. संघटनेचा माणूस म्हणून ही बाजू मला सोडवत नाही. २०१० साली संशोधकांनी दाखवले की, विषमज्वराचे जंतू पित्तखड्यावर शेवाळासारखा थर धरून बसतात आणि त्या थरात औषधांना दाद देत नाहीत.

आज प्रश्न कोठे आहे?

आता हेलिकोबॅक्टरकडे. १९९८ साली चिली देशातील पित्ताशयाचा जुनाट दाह असलेल्या रोग्यांच्या पित्तात आणि पित्ताशयाच्या तुकड्यांत हेलिकोबॅक्टरच्या चुलत भावंडांच्या खुणा सापडल्या. २००५ साली अमेरिकेत खडे होण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. सर्वांना सारखाच स्निग्ध आहार दिला. ज्यांना या चुलत भावंडांपैकी काहींची बाधा होती त्यांतल्या बहुतेकांना खडे झाले. ज्यांना बाधा नव्हती त्यांच्यात क्वचितच झाले. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी जठरातल्या मूळ जंतूवर, म्हणजे पायलोरीवर, तोच प्रयोग केला, आणि त्याने खडे काही झाले नाहीत! म्हणजे संशय भावकीवर पक्का झाला. मूळ पुरुषावर झाला नाही.

माणसांची पाहणी अनेक देशांत झाली आहे. काहींत जंतू असलेल्यांमध्ये खडे थोडे अधिक आढळले, काहींत फरक दिसला नाही. सर्व आकडे एकत्र केले तर थोडासा संबंध दिसतो. परंतु दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीतून दुसरी झाली असे ठरत नाही. वय वाढते तसा दोन्हींचा संभव वाढतो. पित्तात जंतूचा अंश सापडला तरी तो तेथे राहणारा आहे, की आतड्यातून चुकून वर आलेला, हे सांगणे कठीण असते. उलट स्त्री असणे, बाळंतपणे, लठ्ठपणा, झपाट्याने घटवलेले वजन आणि दीर्घ उपास यांचा खड्यांशी असलेला संबंध पुष्कळ भक्कम आहे. खटला अजून चालू आहे. आरोपी निर्दोष सुटलेला नाही आणि दोषीही ठरलेला नाही. खडे जातील या आशेने कोणी जंतूची औषधे घेऊ नयेत, एवढे मात्र आजच सांगता येते.

मग आपण काय करावे?

मला या इतिहासात दोन चुका दिसतात. पहिली चूक वरच्यांची: रोगाचे खापर रोग्याच्या सवयींवर फोडून मोकळे व्हावयाचे. दुसरी चूक माझ्यासारख्यांची: पहिल्या चुकीच्या रागात एक शत्रू सापडला की सगळे त्याच्यावर ढकलावयाचे. दोहोंत एक गोष्ट समान आहे. दोहोंतही समोरचा माणूस काय सांगतो ते कोणी ऐकत नाही.

म्हणून साधी गोष्ट सांगतो. दवाखान्यात गेल्यावर ‘पित्त आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोठे दुखते, केव्हा दुखते, जेवणाआधी की नंतर, कळ पाठीत किंवा खांद्यात जाते काय, लघवी किंवा डोळे पिवळे होतात काय, वेदनाशामक गोळ्या किती घेतो, हे सारे सांगा. शौच काळे झाले किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. व्रणाचा संशय असेल तर जंतूची तपासणी करता येते का ते विचारा, आणि औषधे सुरू झाली तर पुरी करा. अर्धवट सोडल्याने जंतू निगरगट्ट होतो. बरगडीखालची कळ असेल तर सोनोग्राफीबद्दल विचारा. खडा दिसला म्हणजे कापलेच पाहिजे असेही नाही. मुकाट बसलेल्या खड्याला डॉक्टर बहुधा तसेच राहू देतात. आणि कापावे लागले तरी भिऊ नका. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉक्टर तेहम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, चार लहान भोकांतून, पित्ताशय काढले. भारतातली ती पहिली शस्त्रक्रिया. पूर्वी हातभर टाक्यांनी महिना-दीड महिना घरी बसावे लागे. आता रोगी बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. रोजावर जगणाऱ्या माणसाला या फरकाची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी गोष्ट संघटनांसाठी. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा आला, पण कंत्राटी कामगारांपैकी पुष्कळांच्या हातात त्याचे कार्डच नसते. ते मिळवून देणे हे आमचे काम. कँटीनचे पाणी, भांडी धुण्याची जागा, जेवणाला पुरेशी सुटी, या मागण्या आम्ही पगाराच्या खाली शेवटच्या पानावर लिहितो आणि तडजोडीत पहिल्यांदा सोडून देतो. मीही सोडून दिल्या आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे आणि एक हंडा, अशी वस्ती कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत मी पाहिली आहे. जठरातला जंतू मुलांच्या पोटात शिरतो तो तेथे. त्याचा खड्याशी संबंध ठरो वा न ठरो, व्रणाशी आणि कर्करोगाशी त्याचा संबंध ठरलेला आहे. शुद्ध पाणी आणि मोकळी खोली मागण्यासाठी तेवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

तो टर्नर आता निवृत्त झाला आहे. अजून भेटला म्हणजे विचारतो, ‘काय भाऊ, जंतूचा आणि खड्याचा निकाल लागला का?’ मी म्हणतो, ‘नाही रे, तारीख पडली आहे.’